चार सेकंदांचं थालीपीठ

चार सेकंदांची खरी किंमत सांगतो. अठ्ठेचाळीस चित्रं, पाच वीकेंड, अडीच किलो भाजणी... आणि बायकोचं दुखरं मनगट.

परवा शनिवारी दुबईत एका जपानी ॲनिमेटरचं वर्कशॉप होतं. वय ऐंशीच्या पुढे. अठराव्या वर्षी स्टुडिओत रंग भरायला लागलेला हा माणूस अजून हातानंच काढतो... धूर, वारा, उकळतं पाणी.

माझी ईरा बारावीत आहे. चित्रं काढायला शिकली ती याचंच काम बघून. याचा नियम, आधी स्टॉपवॉच लावून खरी हालचाल बघायची, मगच पेन्सिल. म्हणून चार सेकंदांच्या ॲनिमेशनसाठी हिनं पाच वीकेंड आईला थालीपीठ थापायला बसवलं होतं.

आमच्यात ठरलं होतं. चित्रं बघून हे सर हो म्हणाले तर ॲनिमेशन. नाही म्हणाले तर बीबीए, आणि मग इथल्या हमरिया भागातला माझा मसाल्याचा धंदा.

रांगेत आमच्यापुढे कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा घातलेले एक गृहस्थ गुणगुणत होते. याच सरांची मालिका त्यांच्या लहानपणी अरबीत लागायची, तिचं गाणं. पन्नाशीचा माणूस, पण शब्द न् शब्द पाठ! मलाही चेव आला. म्हटलं, "मेरी बेटी आर्टिस्ट है. पहले दिन से मेरा फुल सपोर्ट."

"माशाल्ला!" ते म्हणाले.

"बाबा, प्लीज स्टॉप," ईरा पुटपुटली.

आमचा नंबर आला. सरांनी ईराच्या चित्रांचा गठ्ठा बोटांत धरून कागद फर्रर्र सोडले. मसाला दळायच्या मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस मी... ती फरफर मध्येच थांबली आणि मी मान पुढे काढून बघितलं.

दुभाषी बाईंनी विचारलं, "सर म्हणतात, हे पीठ हाताला चिकटत कसं नाही?"

ईरा कागद उलटून बघू लागली. मी कपाळावर हात मारला. पाणी! अहो, पाण्याचा हात लावल्याशिवाय कुणी थालीपीठ थापतं का? आईनं दर वेळी लावला होता, हिनं नेमका तोच काढला नव्हता. आणि जन्मात थालीपीठ न पाहिलेल्या माणसानं ते पकडलं!

सरांनी शेजारची खुर्ची ओढली, हिच्या हातात पेन्सिल दिली. वीस मिनिटांत सहा नवी चित्रं झाली, तिथल्या मुलांनी ती लगेच स्कॅन करून जोडली. मोठ्या पडद्यावर बोटं वाटीत बुडाली, थेंब निथळले, थालीपीठ फिरत फिरत पसरलं... आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवत उभा!

"हात तयार आहे," सर म्हणाले. "नजर तयार होतेय. शिकू द्या हिला."

कंदुरावाल्यांनी माझ्या पाठीत सणसणीत थाप मारली. "यल्ला हबीबी, अब रोकना मत!"

एका माणसानं साठ वर्षं नीट बघितलं, म्हणून माझ्याच स्वयंपाकघरातली पाण्याची वाटी मला दिसली. त्या हातांना नमस्कार.

बीबीएचा फॉर्म मी गुरुवारीच भरून टाकला होता, तिला न विचारता. आज सकाळी रद्द केला.