घुमटाला बोललेला नवस

आमच्या अकोल्याच्या विद्यापीठाचा घुमट लांबूनच डोळ्यांत भरतो. पांढराशुभ्र, वर पितळी कळस. अन् खाली काय, तर ऑफिस! परीक्षा विभाग, फायलींची कपाटं, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. पण हे आत गेल्यावर कळतं. माझी आई कधी आत गेलीच नव्हती.

ती हिवरखेडहून झेंडू घेऊन एस.टी.नं अकोल्याच्या बाजारात यायची. झाडांवरून घुमट दिसला की खिडकीतूनच हात जोडायची. मी तिथं शिकायला लागले, तेव्हा एकदा तिच्या शेजारीच बसले होते. ती पुटपुटली, "देवा, माह्या पोरीले इथंच मास्तरीण कर. तुह्या दाराले तोरण बांधीन."

आई, ते विद्यापीठातलं देऊळ नाही, ऑफिस आहे, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. उलट त्याच संध्याकाळी होस्टेलमध्ये तिची नक्कल केली. पोरी हसून लोटपोट. मग प्रत्येक पेपरला जाताना आमची टोळी घुमटापुढं हात जोडायची, "आईच्या देवा, पाव रे बापा!" सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडायची.

गेल्या महिन्यात मला तिथंच शिकवायची नोकरी लागली. अन् परवा आई दारात हजर. टोपलीत भलंमोठं तोरण, पिशवीत नारळ. "चाल, नवस फेडू."  मी रिक्षा बोलावली, टोपली मांडीवर घेतली.

पायऱ्यांशी तिनं चपला काढल्या. फरशी तव्यासारखी तापलेली. काचेच्या दाराला नाक लावून ती आत पाहत राहिली.

"मूर्ती कुठं हाये वं?"

तेव्हा सांगितलं.

"तुले कवापासून माईत?"

"पहिल्यापासून."

"मंग कावून नाई सांगतलं?"

मी तिच्या चपला उचलून बाजूला ठेवल्या.

"हसल्या असान तुमी पोरी."

"हो. मी नक्कल करायची तुझी."

 आदल्या दिवशीपासून बसून ओवलेलं ते तोरण ती नुसतं चाचपत राहिली. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, खरंच.

"ऑफिसाले त ऑफिसाले," शेवटी म्हणाली. "बोलली मी. फेडा त लागनच."

तिनंच शिपायाकडून स्टूल मागून घेतलं, दारापाशी ठेवलं, लुगडं खोचून वर चढली. मी खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी. तिचे भाजलेले तळवे माझ्या तोंडासमोर.

"रडू नको," ती वरून खेकसली. "इस्टूल हालते."