एक साथ नमस्ते

शिक्षकांचे किस्से साठायला वेळ लागत नाही. आमच्या केंद्रातल्या शाळांची मंडळी बैठकीला जमली, की चहा यायच्या आत कुणीतरी "ते ऑनलाइनचं आठवतंय का?" म्हणतं आणि बैठकीचा विषय बाजूलाच राहतो. शाळा बंद होत्या त्या काळातल्या या गोष्टी. तेव्हा रडू यायचं, आता हसू येतं. एक-दोन सांगताना मात्र दोन्ही येतं.

सुरुवात माझ्यापासूनच करते. मोबाईलवर शिकवायचं कसं, हे शिक्षकांना शिकवायला प्रत्येक केंद्रात एक 'तंत्रस्नेही' शिक्षक नेमा, असा वरून आदेश आला. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. का? तर मी एकदा केंद्रप्रमुख साहेबांच्या मोबाईलचा आवाज वाढवून दिला होता! झालं, मी तज्ज्ञ.

*

पहिलंच ऑनलाइन प्रशिक्षण. पोलादपूर-महाडकडचे सगळे शिक्षक वेळेवर हजर, केस विंचरलेले, चेहरे चौकटीत नीट बसवलेले. मी खुशीत होते. तेवढ्यात साहेब मीटिंगमध्ये आले आणि एका क्षणात सगळे चेहरे गायब! प्रत्येक चौकटीत नुसती शर्टाची बटणं, पोटं आणि साडीच्या निऱ्या.

"हे काय? सगळ्यांचे कॅमेरे खाली कसे गेले?" साहेब गोंधळले.

"साहेब, तुम्ही आलात ना, आम्ही उभे आहोत!"

*

महाडचे मुकादम सर म्हणजे भलतेच हौशी. भावाने आखातातून गोल दिवा पाठवलेला, तो लावून त्यांनी अपूर्णांकांचा व्हिडिओ करायला घेतला. ऐन रंगात आले असताना मागून त्यांच्या अम्मी भाकरीचं ताट घेऊन चौकटीत शिरल्या. "आधी जेव. मग शिकव."

सरांनी पुन्हा पुन्हा व्हिडिओ केला, अम्मी पुन्हा पुन्हा आल्या. शेवटी कंटाळून त्यांनी तसाच पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी मुलांचे मेसेज आले. "सर, भाकरीचे चार भाग केले तर अम्मींच्या वाटणीला किती?" मी पुढच्या प्रशिक्षणात तोच व्हिडिओ नमुना म्हणून दाखवला. अम्मी पुढच्या व्हिडिओला नवी ओढणी घेऊन बसल्या होत्या.

*

आता उतेकर गुरुजी. घाटाखालच्या एका वाडीत त्यांची शाळा. शाळा उघडायच्या आत ते रिटायर होणार होते, आणि चौथीची पोरं पहिलीपासून त्यांच्याच हाताखालची. साहेबांनी स्पष्ट सांगितलेलं, गुरुजींना मोबाईल जमला नाही तर वर्ग दुसऱ्या शाळेच्या बाईंना जोडायचा.

गुरुजी त्याच दुपारी माझ्या दारात. "अगो, मला शिकव. माझ्या पोरांचा शेवटचा तास मीच घेणार. दुसऱ्याच्या हाती नाय देणार."

मी त्यांना पहिलंच बटण दाखवलं, सगळ्यांना म्यूट करायचं. गुरुजींनी बोट मागे घेतलं. "पोरांची तोंडं बंद करून शिकवायचं? मग बोलू कोणाशी, भिंतीशी?" ते बटण त्यांनी कधीच वापरलं नाही. त्यांच्या वर्गात कोंबडे, मिक्सर, कुणाचा तरी बाबा, सगळे एकदम बोलायचे आणि गुरुजी सगळ्यांना उत्तर द्यायचे.

एका गोष्टीने मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेत सुटायच्या वेळी मुलं उभी राहून "एक साथ नमस्ते" म्हणतात ना, ते गुरुजींना खरंच एका सुरात लागायचं. एक जरी मागे राहिला तरी "नाय जमलं, पुन्हा!" वाडीतल्या बायका ते ऐकून चुलीवर भात चढवायच्या. मोबाईलवर ते जमेना. नेटवर्कमुळे एकाचं नमस्ते आधी, दुसऱ्याचं मग, तिसऱ्याचं अर्धंच.

"गुरुजी, हे एकत्र कधीच येणार नाही," मी सांगितलं.

"मग नकोच," म्हणाले. तेव्हापासून त्यांचा तास नमस्तेविनाच संपायचा. मला फार वाईट वाटायचं.

*

गुरुजींच्या घरी रेंज नाही म्हणून ते आंबेनळी घाटातल्या वळणावर कठड्याला टेकून शिकवायचे. एकदा एसटी येऊन थांबली. ड्रायव्हर त्यांचाच जुना विद्यार्थी.

"गुरुजी, येताय काय पोलादपूरला?"

"थांब रे, सातचा पाढा चाललाय!"

पठ्ठ्याने इंजिन बंद केलं. प्रवासीही गप्प. पोरं 'सात नव्वे'ला अडकली तसा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "त्रेसष्ट!"

गुरुजींनी मान न वळवता सांगितलं, "तू गप. तुला चौथीत येत नव्हतं!"

*

वर्ष संपत आलं तेव्हा साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "आणखी कसलं प्रशिक्षण हवंय?" कुणी म्हणालं व्हिडिओ एडिटिंग, कुणी म्हणालं चाचणी बनवणं. गुरुजींनी हात वर केला.

"साहेब, पोर रडाया लागलं तर इकडनं पाठीवर हात कसा फिरवायचा, त्याचं हाय काय काही?"

साहेब बराच वेळ काहीतरी बोलत होते. ते म्यूटवर होते. त्यांना तसं कुणीच सांगितलं नाही.

*

गुरुजींचा शेवटचा तास. फोनचं काही बिघडायला नको म्हणून मी घाटातल्या वळणावर त्यांच्याशेजारी जाऊन बसले होते. गुरुजींनी नेहमीसारखी हजेरी घेतली, कविता म्हणून घेतली, गणित घातलं. रिटायर होण्याबद्दल अवाक्षर नाही. मग म्हणाले, "चला, तास संपला."

पण एकही पोर गेलं नाही. एकेका फोनपुढे दोघं-तिघं दाटीवाटीने बसलेली, ती सगळी उठून उभी राहिली. स्क्रीनवर नुसती बटणं, फ्रॉकचे बंद आणि कुणाचा तरी खरचटलेला गुडघा.

"एक... साथ... नम... नमस्ते... गुरु... नमस्ते..."

वेगवेगळ्या घरांतून, मागेपुढे, तुटत तुटत ते सगळं आलं. शेवटचं एक तर कितीतरी उशिराने, एकटंच आलं.

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. परत घातला.

"नाय जमलं," म्हणाले. "पुन्हा."

मुलांनी पुन्हा म्हटलं. मी गुरुजींकडे पाहिलं नाही, खाली दरीकडे बघत बसले.

"पुन्हा," गुरुजी म्हणाले.