साडेचार मीटरची परात

होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत भाग्यलक्ष्मी अक्कांच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा शिरणारा माणूस हमखास विचारायचा, "मालक कुठं आहेत?" अक्का हाताचं ग्रीस पुसत म्हणायच्या, "समोर उभे आहेत की!" तीस वर्षं हा प्रश्न ऐकून त्यांचा रागसुद्धा झिजून गुळगुळीत झाला होता. घराणं मराठा, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत. घरात मराठी, दारात कन्नड आणि तोंडात दोन्हींची मिसळ. वडिलांनी मोटरचं वाइंडिंग शिकवलं, गिअरबॉक्स अक्का स्वतःच शिकल्या. कुठल्या कामाला कुठली मोटर लागेल, हे विचारायला आसपासचे कारखानेवाले यायचे. कॅटलॉगला हात लावण्याआधी अक्का त्यांना सांगायच्या, "स्वल्प थांबा. आधी वस्तू दाखवा." थोडंसं थांबा, हे त्या दिवसातून पन्नासदा तरी म्हणत असतील.

मुग्धा आली होती ती फक्त एक लोखंडी ब्रॅकेट बनवून घ्यायला. पुण्याची पोर, बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर. कंपनीनं होसकोट्याबाहेर मोकळ्या प्लॉटवर साडेचार मीटरची डिश उभी केली होती, उपग्रहांचे संदेश झेलायला. डिश फिरवणारी मोटर तिच्या साहेबानं, शुभंकरनं, आधीच पसंत केली होती. अक्कांनी ब्रॅकेटचा कागद बाजूला सारला आणि मोटरचाच कागद वाचायला घेतला.

"ही एवढीशी मोटर एवढी मोठी परात फिरवणार?"

"डिश तोलून धरली आहे ना अक्का, वजन असं जाणवतच नाही. एका हातानं हलते."

"आणि वाऱ्याचं काय?"

"जोराचा वारा आला की डिश आकाशाकडे तोंड करून झोपते. तसा प्रोग्रामच आहे."

"वीज गेली तर तुझा प्रोग्राम काय करतो?"

"मोटरला ब्रेक आहे," मुग्धा म्हणाली.

"केवढा?"

मुग्धानं कागद उलटसुलट करून पाहिला. ब्रेक केवढा, हे कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्का प्लॉटवर हजर. डिशच्या कडेला दोर बांधला, दोराला भंगारवाल्याकडचा टांगता वजनकाटा अडकवला आणि ओढलं. बारा किलोवर परात हलली. शुभंकर हसून म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो?" अक्का म्हणाल्या, "सरी सरी, बरं बरं. आता दुपारचा वारा सुटू दे." वारा सुटला, आणि तोच दोर धरून ठेवताना शुभंकर आणि मुग्धा दोघंही बुटांसकट घसरत गेले. हातच्या काकणाला आरसा कशाला!

अक्कांनी तिपटीनं दांडगी मोटर सांगितली, आणि सोबत वर्म गिअरचा बॉक्स. त्याची खुबी अशी की मोटर डिशला फिरवते, पण डिश कितीही ढकलली गेली तरी मोटरला फिरवू शकत नाही. वीज असो वा नसो, जिथं थांबवली तिथं ती थांबते.

शुभंकरनं तोंड वाकडं केलं. "अहो, या गिअरनं डिश हळू फिरेल. उपग्रह दहा मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. डिशला धावता आलं पाहिजे."

"धावेल. पण आधी उभं राहता यायला हवं."

"ठीक आहे. मुग्धा, मोटरच्या ऑर्डरवर सही तू कर. काही बिनसलं तर जबाबदारी तुझी."

मुग्धाला नोकरीला लागून पाचच महिने झाले होते. तिचं पेन कागदावर अडलं. अक्का तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सही तुझी, शब्द माझा. परात बोटभर सरकली तर मी दारावरची पाटी उतरवीन." मुग्धानं सही केली.

मोटर बसली, डिश धावली, उपग्रह सापडला. शुभंकर खूश झाला, पण अक्का अजून वाऱ्याची वाट पाहत होत्या.

आयुधपूजेच्या, म्हणजे यंत्रांच्या पूजेच्या दिवशी सकाळी त्या प्लॉटवर आल्या आणि जागीच थबकल्या. कुंकू लावता यावं, फोटो छान यावा, म्हणून शुभंकरनं डिशचं तोंड खाली आणून थेट रस्त्याकडे केलं होतं. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, गळ्यात झेंडूची जाड माळ. नटूनथटून बसली होती नवरीसारखी! आणि मेन स्विच बंद.

"अय्यो, उभी का केली? वारा आला तर सगळा पोटात घेईल ही. झोपवा तिला!"

"अक्का, आज यंत्र चालवायचं नसतं. तुम्हीच तर सांगितलंत," शुभंकर म्हणाला.

खरंच की! आपणच शिकवलेला नियम आपल्याच गळ्यात! तेलात कालवलेलं कुंकू घेऊन अक्का डिशखाली वाकल्या आणि पत्र्याच्या झाकणाखाली, फिरणाऱ्या दांड्यावरून खालच्या स्थिर चौकटीपर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढली. पाहणाऱ्यांना वाटलं, केवढी ही भक्ती!

तीन वाजता पूर्वेकडून काळं आभाळ आलं आणि वारा असा सुटला की प्रसादाच्या पत्रावळी थेट रस्त्यापलीकडे गेल्या. मुग्धा धावत जाऊन स्विच ओढून आली. नियम गेला खड्ड्यात! पण साऱ्या वसाहतीची वीज गेली होती. केळीचे खुंट कडाकड मोडले. माळ तुटली. डिश थरथरत होती, लोखंड कण्हत होतं, आणि शेडच्या दारात मुग्धा अक्कांचा पदर घट्ट धरून रडत उभी होती.

"अक्का, गेली ना नोकरी?"

"कुठं जातेय? उभी राहील ती."

हे त्या इतक्या ठामपणे म्हणाल्या की मुग्धानं रडायचंच थांबवलं.

वीस मिनिटांनी वारा पडला. शुभंकर भिजत डिशखाली शिरला आणि अक्कांनी दाखवलेल्या रेघेपाशी वाकला. चष्मा पुसून त्यानं ती पुन्हा पाहिली. दांड्यावरून चौकटीपर्यंत कुंकवाची रेघ अखंड, सरळ होती. केसभरसुद्धा तुटली नव्हती.

"अक्का," तो उठत म्हणाला, "पुढच्या महिन्यात दुसरी डिश बसते आहे. मोटर तुम्ही निवडा. सही मी करतो."

"सरी. आधी वस्तू दाखवा."

मुग्धानं आनंदानं अक्कांना मिठी मारली, आणि तिला कळलं की अक्कांचे हात गारठले आहेत आणि अंग कापतं आहे.

"अक्का! तुम्ही घाबरला होतात?"

अक्कांनी शुभंकर ऐकत नाही ना, ते पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "स्वल्प."