येते म्हण

वडील गेल्यानंतर आई पहिल्यांदाच माझ्याकडे शारजाला आली होती. अल मजाजच्या आमच्या खिडकीतून खाली खाडी दिसते, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला एकच हवं होतं: लग्नानंतर सहा महिन्यांनी वडिलांबरोबर मॅटिनीला पाहिलेला एक जुना इंग्रजी सिनेमा. नाव आठवत नव्हतं. "अगं, ते रबराचे मळे, पांढऱ्या सुटातला साहेब आणि त्याच्या प्रेमात पडलेली ती हेर बाई!" एवढ्या भांडवलावर माझ्या मुलीने तो दहा मिनिटांत शोधून काढला. नवरा नेहमीप्रमाणे दुबईहून येताना ट्रॅफिकमध्ये अडकलेला, म्हणून आम्ही तिघीच बघायला बसलो.

मला धास्ती वेगळीच होती. वडिलांचं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद. तरी त्यांनी थिएटरच्या अंधारात आईला अख्खा सिनेमा मराठीत समजावला होता. शेवटी बोटीवर चढणाऱ्या त्या बाईला साहेब म्हणतो, "जाते म्हणू नकोस, येते म्हण." हे आम्ही भावंडं लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकत आलो. कुठला साहेब असं बोलेल? मोठेपणी आम्ही हसायचो, पण तिच्या माघारी. तिने जिवापाड जपलेली गोष्ट होती ती, आणि आता माझ्याच घरात त्या गोष्टीचा खोटेपणा उघडा पडणार होता.

बंदराचा प्रसंग आला. मी रिमोट शोधू लागले, तेवढ्यात मुलगी बोललीच, "नो आजी! ही सेज, गो, अँड नेव्हर कम बॅक. आजोबा गॉट इट टोटली राँग!"

पोरीला एक धपाटा घालावासा वाटला.

आई मात्र हसली. "ठाऊक आहे. त्याचा चेहरा बघ की. असं तोंड करून कुणी 'ये' म्हणतं का?"

"मग इतकी वर्षं आम्हाला तसंच का सांगत होतीस?"

"कारण ते साहेबाचं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मी माहेरी निघाले होते, कायमची. तुझ्या आजीशी पटेना, ट्रंक भरून ठेवली होती. समोरासमोर बोलायची ह्यांची छाती नव्हती, म्हणून साहेबाच्या नावावर बोलून घेतलं."

"मग?"

"मग काय, एसटी स्टँडवर 'येते' म्हटलं. आणि आठव्या दिवशी आले."

पडद्यावर बोट निघाली होती. आईने चष्मा काढून पदराने पुसला.

"स्वतः जाताना मात्र 'येतो' म्हणाले नाहीत."