पूजेतला पाना

दसऱ्याच्या दिवशी पूजेला मांडलेला पाना मी उचलला होता. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच? एवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो.

माझा मित्र आणि मी लालबागला एकाच चाळीत वाढलो. दोघांचे वडील एकाच मिलमध्ये होते. दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा असायची आणि आम्हा पोरांना आत सोडायचे. कापड विणायच्या साच्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि एरवी कान फोडणाऱ्या त्या खात्यात त्या दिवशी आवाज नसायचा. आज हत्यारांना हात लावायचा नाही, त्यांनाही विश्रांती हवी, असं त्याचे वडील सांगायचे. मिल गेली. मी शिकून लोअर परळच्या एका ऑफिसात चिकटलो, त्याने परळला एका गाळ्यात गॅरेज टाकलं. दसऱ्याची पद्धत त्याने तिथे चालू ठेवली. पाटावर पाने, हातोड्या, पक्कड, सगळ्यांना हळदकुंकू.

इंजिन बांधणं हे त्याचं खरं काम. सर्व्हिसिंग, ब्रेक वगैरे तो पोटासाठी करायचा. त्याने बांधलेलं इंजिन सुरू झालं की तो बोनेटवर तळहात ठेवून उभा राहायचा, आईने पोराचा ताप बघावा तसा.

चाळिशी उलटल्यावर मी एक जुनी टर्बोची गाडी घेतली. घरच्यांच्या दृष्टीने निव्वळ वेडेपणा. वर्षभरात तिचं इंजिन धूर ओकायला लागलं. तो म्हणाला, "उघडतोच आहोत तर कंपनीने दिलं होतं त्याहून चांगलं बांधू." पुढची दोन वर्षं आमच्या रविवारच्या संध्याकाळी त्यातच गेल्या. पार्ट मी निवडायचो, तो ते नाकारायचा, मग दोघं चहा प्यायचो.

टर्बोवरून, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यावरून, सगळ्यात जास्त वाजलं. मला मोठा हवा होता. तो म्हणाला, "अरे, मोठा टर्बो उशिरा जागा होतो. तुला गाडी लालबाग ते भायखळा हाकायची आहे. तो जागा होईस्तोवर सिग्नल लागेल." मी ऐकलं नाही. मोठाच आणला. मग त्याच्या दाबाला टिकतील असे फोर्ज्ड पिस्टन आले, जाड हेड गॅस्केट आलं, जास्त पेट्रोल ढकलणारा पंप आला. राहिले कनेक्टिंग रॉड. पिस्टनला मिळालेला सगळा धक्का क्रँकपर्यंत पोहोचवतात ते रॉड. तेच नेमके बाहेरून यायचे होते, आणि कस्टममध्ये अडकले.

दसरा जवळ आला. मला गाडी दसऱ्यालाच सुरू करायची होती. तो म्हणाला, "दिवाळीनंतर बघू. कंपनीचे रॉड एवढा जोर घेणार नाहीत." मी हट्ट धरला. आत्ता जुनेच घाल, नवे आले की परत उघडू. शेवटी तो तयार झाला, एका अटीवर. टर्बोचा दाब किती चढू द्यायचा ते ठरवणारा एक पितळी व्हॉल्व्ह असतो, बोटाएवढा. तो त्याने कमीवर लावला आणि खिळ्याने व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीवरून सलग बारीक खूण ओरखडली. "ही रेघ हलली नाही पाहिजे. रॉड येईपर्यंत ह्याला हात नाही लावायचा. कळलं?"

"कळलं रे बाबा."

दसऱ्याला सकाळी दादरहून झेंडू आणला. पूजा झाली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, त्याने बोनेटवर हात ठेवला. मी लालबागच्या पुलावरून एक चक्कर मारून आलो. गाडी बरी चालली. नुसती बरी. चाळीतला एक जण गाळ्याच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "काय शेठ, दोन वर्षं खपून हेच? आमचा टेम्पोपण एवढा पळतो." सगळे हसले. मित्रही हसला. "थांब जरा, तिचं खरं सामान यायचंय," म्हणाला आणि जेवायला घरी गेला.

गाळ्यात मी एकटा राहिलो. पाटावर दहा-अकराचा पाना होता, कुंकू लागलेला. बाकीची हत्यारंही पाटावरच होती. मी तो घेतला, व्हॉल्व्हचा नट सैल केला आणि व्हॉल्व्ह दीड आटा आत, जास्तीकडे फिरवला. परत आवळला. पाना होता तसा ठेवला. बोटांना कुंकू लागलं होतं, ते पँटला पुसलं.

दुपारी आम्ही फ्रीवेवर गेलो. चालवत तो होता, मी शेजारी. रस्ता मोकळा मिळाल्यावर त्याने पाय दाबला आणि गाडीने अशी उसळी घेतली की आम्ही दोघं सीटमध्ये रुतलो.

"आयला," तो म्हणाला. "आज लई खेचतेय रे!"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तूच बांधलीयेस ना."

त्याचा चेहरा असा खुलला की बघवत नव्हता. त्याने पुन्हा पाय दाबला. मग खालून हातोडा बसल्यासारखा आवाज झाला. रॉड तुटून इंजिनची भिंत फोडून बाहेर आला होता, आणि तेल तापलेल्या टर्बोवर उडत होतं. गाडी कडेला घेईपर्यंत बोनेटच्या फटीतून धूर यायला लागला. मी उतरून लांब पळालो. तो इंजिनाकडे पळाला. बोनेट उघडल्याबरोबर जाळ वर आला, आणि त्याचे दोन्ही हात आत होते.

हॉस्पिटलात त्याची बायको मला कोपऱ्यात घेऊन तिच्या मालवणीत म्हणाली, "भावजी, खरा काय ता सांगा. ह्यांचाच काय चुकला?"

"डॉक्टर काय म्हणतात ते बघू आधी," मी म्हणालो.

जळकी गाडी टोइंगवाल्याने शिवडीला एका मोकळ्या जागेत टाकली होती. तो अजून हॉस्पिटलात असताना मी तिथे गेलो. रबरी नळ्या वितळल्या होत्या, पितळी व्हॉल्व्ह काळा पडला होता, पण शाबूत होता. या वेळी पाना घरून नेला होता. दीड आटा उलटा फिरवला, रेघ रेघेला जुळवली.

हॉस्पिटलातून सुटल्यावर त्याने मला आधी गाडीच बघायला नेलं. हाताला अजून पट्ट्या होत्या, म्हणून बोनेट मी वर धरलं. तो वाकला. त्याने दुसरीकडे कुठे बघितलंच नाही, सरळ व्हॉल्व्ह बघितला. तोंडाने फुंकर मारून काजळी उडवली.

"खूण जागेवर आहे," तो म्हणाला. "म्हणजे दाब नव्हता. म्हणजे माझाच बोल्ट राहिला. तिसरा रॉड आवळत होतो तेव्हा एक गिऱ्हाईक आलं होतं. उठलो मी. परत येऊन दुसरा बोल्ट मारला का रे मी? दसऱ्याची घाई होती."

परत येऊन त्याने दुसरा बोल्ट आवळलेला मी शेजारी उभा राहून बघितला होता. मी म्हणालो, "होतं रे घाईत."

दाब वाढवल्याची चूक एक वेळ हौशी माणसाची म्हणता येईल. हे तीन शब्द मात्र मी पूर्ण शुद्धीत, त्याच्या तोंडाकडे बघत बोललो. नंतर इंजिन कुणी उघडून बघू नये म्हणून गाडी घाईने भंगारात दिली.

त्याचे हात बऱ्यापैकी सुधारले. बोटं मिटतात. डॉक्टर म्हणाले होते, काम करू शकेल. पण गाळा त्याने सोडला. आता तो परळलाच एका टायरच्या दुकानात असतो. चाक बसवलं, नट आवळले, की शेजारच्या माणसाला हाक मारतो, "एकदा तूपण फिरव रे पाना." दुकानातले त्याला हसतात. "काका, रेल्वेचं चाक बसवताय का?" तो पण हसतो, पण दुसऱ्याने पाना फिरवल्याशिवाय गाडी सोडत नाही. घरी गॅसचा सिलिंडर बदलला की बायकोला रेग्युलेटर तपासायला लावतो. एकदा मी तिथेच होतो. तिने तपासला, "बसलोहा" म्हणाली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तू पण बघ." मी उठलो आणि बघितला. नीट बसला होता.

दसऱ्याला तो आता हत्यारं मांडत नाही. मला मात्र घरी बोलावतो, सोनं देतो. जाड, चकाकत्या कातडीच्या बोटांनी आपट्याची पानं माझ्या हातात ठेवतो. मी ती घेतो.

त्याला वाचायचा कंटाळा आहे, हे तो वाचणार नाही. म्हणजे इथे लिहून मी त्याला काही सांगितलेलं नाही. त्याच्यासमोर बसून, त्याच्या बायकोच्या देखत, मला एवढं सांगायचं आहे, आणि ते अजून माझ्याकडून यायचं आहे: तिसऱ्या रॉडचे दोन्ही बोल्ट तू आवळले होतेस. व्हॉल्व्ह मी फिरवला.