पासवर्डाचा चार्ज

"मी केलं न्हाई, आन् कुणी केलं ते सांगणार न्हाई." एवढ्या मजकुरावर बबन येळवंडे यांना शो-कॉज नोटिशीचे उत्तर माझ्याकडून लिहून हवे होते. शो-कॉज नोटीस म्हणजे 'तुम्हांस कामावरून का काढू नये, ते कळवा' अशी विचारणा. ती ज्याच्या हाती पडते, त्याची नोकरी अर्धी गेलेली असते.

पिंपरीत पोस्टाच्या आवारात माझे टेबल आहे. शिक्षण सातवीपर्यंत, तथापि या पट्ट्यातील कामगारांचे अर्ज, खुलासे, अपिले मीच लिहीत आलो आहे, आणि माझ्या मसुद्यास वकीलही सहसा हात लावीत नाहीत. येळवंडे निघोज्याचे. भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. आरोप असा, की त्यांनी स्टोअरच्या कॉम्प्युटरमधून बेअरिंगच्या साठ्याची सगळी नोंद पुसली. नोंद पुसली, म्हणजे माल पळवण्याचा बेत होता, असा कंपनीला वहीम. वास्तविक त्या दिवशी ते गावच्या यात्रेसाठी रजेवर होते. मग नोंद कशी पुसली, असे विचारले, तर म्हणे कॉम्प्युटरच सांगतो की मी पुसली.

माणसांच्या साक्षी मी पुष्कळ खोडून काढल्या आहेत, यंत्राची प्रथमच. म्हणून कंपनीच्या कॉम्प्युटर सेक्शनचे दामले यांना गेटबाहेर गाठले. त्यांनी वैतागत का होईना, समजावून सांगितले. मशीन एकच असते. पण ते प्रत्येक खात्याशी असे वागते, की जणू त्या खात्याचे मशीन वेगळेच आहे. स्टोअरला वाटते हे आपले, पगारखात्याला वाटते हे आपले. मधल्या भिंती विटांच्या नसतात, परमिशनच्या असतात. प्रत्येकास त्याच्या नावाचे अकाउंट आणि एक गुप्त शब्द, म्हणजे पासवर्ड. कोणास नोंद नुसती पाहण्याची परमिशन, कोणास बदलण्याची, कोणास पुसण्याची. स्टोअरमध्ये पुसण्याची परमिशन एकट्या येळवंडे यांना होती.

"म्हणजे मशीनने येळवंडेंना पाहिलं?" मी विचारले.

"मशीन माणूस पाहत नाही हो. पासवर्ड पाहतं."

"मग येळवंडेंनीच पुसलं, असं कसं म्हणता?"

"पासवर्ड त्यांनी कुणाला सांगायचाच नसतो. किती वेळा ओरडून सांगितलंय."

पहिला मसुदा मी यंत्राच्या बिघाडावर बेतला. येळवंडे म्हणाले, बिघाड नव्हता. दुसऱ्यात 'कोणा अज्ञात इसमाने' असे घातले. तर म्हणाले, अज्ञात कुठला, खोटं कसं लिवायचं? मग ज्ञात इसमाचे नाव सांगा, म्हटले, तर पायातल्या चपलेकडे पाहत बसले. मी टाइपरायटरवर झाकण घातले. पक्षकार खोटे बोलला तर मार्ग निघतो. अर्धे खरे बोलणाऱ्यापुढे मसुदा लिहिणाऱ्याने करावे तरी काय?

त्यांच्या मंडळी पारूबाई शेजारी बसून होत्या. त्यांनी पदर सारखा केला. "अण्णा, ह्यांची जीभ उचलायची न्हाई. पासवर्ड सायबांनी घेतला. रजेवर जाताना."

"कोणत्या साहेबांनी?"

"सबनीस सायबांनी. तक्रार बी त्यांचीच हाय."

सबनीस म्हणजे स्टोअर मॅनेजर. कारखान्यात रजेवर जाणाऱ्याने चार्ज द्यावा लागतो, म्हणजे किल्ल्या, शिक्के, जे हाती असेल ते वरिष्ठाच्या स्वाधीन करायचे. चार्ज दिल्याखेरीज रजा नाही. त्या रिवाजानुसार सबनीसांनी किल्ल्यांबरोबर पासवर्डही मागून घेतला होता. त्यांना स्वतःचे अकाउंट का नव्हते, हे पुन्हा दामल्यांना विचारावे लागले. ते म्हणाले, देऊ केले होते. पण साहेबांनी सुनावले, की-बोर्ड बडवायला मी टायपिस्ट आहे का?

"हे मला आधी का सांगितलं नाहीत?" मी येळवंडेंना विचारले.

"त्यांनीच मला परमनंट केलं, अण्णा. त्यांच्यावर आरोप कसा करू?"

आरोप करायचाच नव्हता. एक वाक्य पुरेसे होते: 'रजेवर जातेवेळी मी पासवर्डासह संपूर्ण चार्ज, कंपनीच्या प्रचलित पद्धतीनुसार, मा. स्टोअर मॅनेजर यांच्या स्वाधीन केला होता.' येळवंडेंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. यात साहेबांना काही बोल लागतो का, असे विचारले. तुम्ही दिले आणि त्यांनी घेतले, एवढेच यात आहे, असे मी म्हणालो. तेव्हा कुठे सही झाली.

उत्तर पोहोचताच चौकशी थंडावली. सबनीसांनी तोंडी कबूल केले, की एक जुनी साइज काढून टाकायला बसलो, सगळीच गेली, आणि ती आपण घालवली हे कळलेच नाही. बेअरिंग मोजली, ती जागच्या जागी होती. नोटीस मागे घेतली गेली. तरीही येळवंडे यांना ताकीद मिळालीच, पासवर्ड सांगितल्याबद्दल. मागणाऱ्याला ताकीद नाही. त्यावर अपील लिहितो म्हटले, तर पारूबाईंनी हात जोडले.

हुकूम निघाला, की यापुढे प्रत्येक अधिकाऱ्यास स्वतःचे अकाउंट घ्यावेच लागेल. सबनीसांनी ते घेतले. पुसण्याची परमिशनही घेतली. त्यांचा पासवर्ड सध्या येळवंडे वापरतात, कारण साहेब टायपिंग करत नाहीत. ते काम लेखी हुकमाशिवाय करू नका, असे मी येळवंडेंना बजावले आहे. ते म्हणतात, साहेबांकडे लेखी कसं मागायचं?