लेकीच्या घरी न जेवणारी माय

गडचिरोलीच्या बसस्थानकावर नागपूरची गाडी लागली, तेव्हा बाबा माझ्याशी बोलायचं सोडून कंडक्टरशीच बोलत होते. पोरगी परदेशात चालली आहे, खिडकीशी बसवा, तिची बॅग इकडेतिकडे होऊ देऊ नका, असं त्यांनी त्याला इतक्यांदा सांगितलं की तो शेवटी म्हणाला, "भाऊ, माही गाडी नागपूरच्या पुढं जात नाई." आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसताच रडायला लागले. माय मात्र हसली नाही, रडली नाही, नुसती माझी ओढणी पुन्हापुन्हा सारखी करत राहिली. गाडी हलली तसे बाबा खिडकीखालून चालत चालत ओरडले, "जिथं रायशीन तिथले लोक काय खातात ते पाह्यजो. तेच खाजो. उपाशी नोको राहू!" बाकी काही शिकवायला त्यांना वेळच मिळाला नाही.

आमचं गाव चामोर्शीच्या अलीकडे, तलावाच्या काठाला. आम्ही ढिवर. तलावात जाळं, पावसाळ्यात थोडा धान, उरलेले दिवस मिळेल ती मजुरी. माझा नवरा विलास माजरीचा, कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा मुलगा. तो वेल्डिंग शिकला आणि जहाजं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात लागला, ते थेट ग्रीस देशातल्या पिरेअस बंदरात. लग्नानंतर व्हिसाची वाट पाहण्यात बरेच महिने गेले, मग मी त्याच्यामागे आले. माजरीला घरात काळी धूळ आणि आमच्याकडे मासोळीचा वास. पिरेअसला दोन्ही एकाच वाऱ्यावर येतं, त्यामुळे आमच्या दोघांचीही सोय झाली.

बाबांचं म्हणणं मी फारच मनावर घेतलं. दर रविवारी आम्ही खऱ्या ग्रीक जेवणाच्या शोधात निघायचो. पहिल्या पहिल्यांदा जिथे दारात उभा असलेला माणूस गोड हसून आत बोलवायचा, तिथे आम्ही जायचो. एकाने तर हात जोडून "नमस्ते" केलं, तेवढ्यावर विलास विरघळला. आत मेन्यूवर पदार्थांचे फोटो. वांगी, बटाटे आणि खिमा यांचे थर लावून भाजलेला मुसाका फोटोत असा दिसायचा की तोंडाला पाणी सुटावं, आणि ताटात यायचा तो मधोमध थंडगार. हळूहळू भाषा आली, तशी थोडी अक्कलही आली. इथल्या गावठी सॅलडमध्ये कोबीबिबी नसते. टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर चीजचा अख्खा तुकडा, एवढंच. आम्ही स्वतःला जाणकार समजू लागलो. समुद्राकाठचं निळ्या खुर्च्यांचं एक हॉटेल आम्ही पक्कं केलं आणि देशातून कोणी आलं की त्याला तिथेच नेऊ लागलो. फोटो गावाला पाठवले की बाबांचा फोन यायचा, "ते ताटातली मासोळी कोणती हाये?" ते मला कधी माहीत नसायचं.

मग मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरीणबाईंनी विमानाला साफ नकार दिला. म्हणून माय आली. जिने नागपूरसुद्धा दोनचारदाच पाहिलं होतं ती बाई एकटी दोन विमानं बदलून आली आणि उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य बोलली, "माही सुकी मासोळी हिसकून घेतली व त्यायनं!" विमानतळावर काढून घेतलेल्या त्या मासोळीचा राग तिला अजून आहे. तांदूळ आणि डाळीची चुंगडी मात्र तिने सुखरूप आणली होती. लेकीसाठी आणली असेल, असं मला वाटलं.

ती तिने स्वतःसाठी आणली होती. कारण आपल्याकडे रीत एकच नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरचं अन्न खायचं नाही, हीसुद्धा आहे. गावात हे कोणाला जड जात नाही. सकाळी लेकीकडे जायचं, सुपारी खायची, संध्याकाळच्या गाडीने घरी यायचं. ही रीत घालून देणाऱ्याच्या डोक्यात ग्रीस देश आलाच नसणार. आणि लेक माहेरी बाळंत व्हायच्या ऐवजी माय लेकीकडे येईल, हेही आलं नसणार. मायने माझ्या स्वयंपाकघरात आपलं वेगळं भांडं मांडलं, आपला तांदूळ शिजवला आणि खाली बसून जेवली.

मी भांडले, रुसले, वकिली केली. म्हटलं, "नळाचं पाणी पितेस ते?"

"पाणी तं सरकारचं हाये."

"अगं माय, हे घर भाड्याचं आहे. आमचं नाहीच मुळी."

"घर कोणाचंबी असो. त्यातला दाणा तुहा हाये ना? लेकीले लेकरू होईस्तोवर तिचा दाणा तोंडात घालाचा नाई. माह्या मायनं घातला नाई, मी काऊन घालू?"

चुंगडी उतरत गेली तशी माय अर्धं जेवू लागली. मग एकदाच जेवू लागली. माझ्या पोटाचा घेर वाढत होता आणि तिचा चेहरा उतरत होता. एका सकाळी जिन्यात तिला भोवळ आली. विलासने धरलं म्हणून वाचली. पायरीवर बसून ती शांतपणे म्हणाली, "मीच इथी पडली तं तुहं बाळंतपण कोण करन? मले गावी पाठवून दे." इथे माझं दुसरं कोणी नव्हतं. मला माय हवी होती, आणि काही न खाता ती इथे टिकणार नव्हती.

तोड काढली ती विलासने. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "माय, हॉटेल काही लेकीचं घर नसते."

मायने बराच विचार केला. चामोर्शीच्या बाजारात लेकीबरोबर चहा-भजी खाल्ल्याने कोणाची रीत मोडलेली तिला आठवेना. "हव," ती म्हणाली, "हॉटेलाले चालते."

मी आनंदाने तिला आमच्या निळ्या खुर्च्यांच्या हॉटेलात घेऊन गेले. तळलेल्या माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, चकत्या आल्या. मायने एक उचलली, दाबली, हुंगली आणि खाली ठेवली. "हे बरफातून काढून टाकलं तेलात." मग तिने चारी बाजूंना नजर फिरवली. टोप्या, कॅमेरे, उन्हाने लाल झालेल्या पाठी. "इथी इथला माणूस एक तरी दिसून राह्यला का तुले?" मी पाहिलं. एकही नव्हता. एवढी वर्षं येत होते, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माय म्हणाली, "गडचिरोलीच्या स्टँडवर कुठी जेवाचं, हे डायवर-कंडक्टर कुठी बसते ते पाहून ठरवाचं. साऱ्या दुनियेत असंच असन."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बंदराच्या रस्त्यावर एका बाकावर बसून राहिलो. भोंगा झाला. वंगण लागलेल्या कपड्यांतले कामगार बाहेर पडले आणि मागच्या गल्लीत शिरले. माय उठली आणि त्यांच्या मागे चालू लागली. मी पोट सावरत तिच्या मागे. गल्लीत एक दार, दारावर पाटी नाही. चार पायऱ्या खाली उतरलं की लाकडी पिंपं, कागद अंथरलेली टेबलं आणि लसणाचा वास. मी बसायला जागा शोधते तोवर माय थेट स्वयंपाकघरात शिरली आणि तिने पहिल्या पातेल्यावरचं झाकण उचललं.

मी मेल्याहून मेली झाले. धावत जाऊन माफी मागू लागले, तर पातेल्यामागची पांढऱ्या केसांची मालकीण, एलेनीबाई, उलट माझ्यावरच डाफरली. "बघू दे की तिला. न बघता कसं जेवणार?" तेव्हा कळलं, जुन्या ग्रीक खानावळींत हीच चाल होती. गिऱ्हाइकाने आत यायचं, पातेली बघायची, बोट दाखवायचं. आता ती बरीचशी मोडली. एलेनीबाईंनी मोडू दिली नव्हती. आणि माय तर आयुष्यभर कोणत्याही घरी अशीच आत जात आलेली.

पहिल्या पातेल्यात उकडलेली रानभाजी, लिंबू पिळलेली. माय मान हलवून पुढे गेली. परातीत बोटाएवढी मासोळी, पिठात घोळवून तळायची. तिने एकीचे कल्ले उघडून पाहिले. लालभडक. तिचा चेहरा खुलला. तिसऱ्या पातेल्यात पिवळं, घट्ट काहीतरी होतं. एलेनीबाईंनी त्यावर तेल ओतलं, कच्चा कांदा टाकला, लिंबू पिळलं आणि चमचा पुढे केला. मायने तो तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"अवो," ती म्हणाली, "हे तं लाखोरी!"

हे इथलं फावा, शिजवून घोटलेली डाळ. इथे आल्यापासून मी दहा ठिकाणी खाल्लं होतं, आणि मला कधी ओळखू आलं नव्हतं. धान कापणीला यायच्या आधी बांधीतल्या ओलाव्यावर जी लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, आपण नुसती फेकून पेरतो, तिच्याच जातभाऊ डाळीचं हे फावा. एलेनीबाई ज्या बेटावर जन्मल्या तिथे ती उन्हातान्हात, कोरड्या मातीत पिकते. "आमच्याकडे हे गरिबाचं खाणं," त्या म्हणाल्या. मी मायला सांगितलं. माय म्हणाली, "आमच्याइथं बी. म्हणूनच चव हाये." आणि उभ्यानेच सगळं ताट पुसून खाल्लं. मग मासोळी खाल्ली. मग पुन्हा लाखोरी. कामगार बघून हसत होते आणि मी भिंतीला टेकून डोळे पुसत होते. माझी माय जेवत होती.

त्यानंतर ती रोज तिथे. जेवण झाल्यावर उठायची नाही, मासोळीची परात पुढ्यात ओढायची. सुरीने तिला जमेना, म्हणून विलासने कारखान्यात पात्याला वाक देऊन तिला विळा बनवून दिला. पायाखाली तो दाबून ती अशी झरझर मासोळी साफ करायची की एलेनीबाई खुर्ची घेऊन समोर बसायच्या. एक ग्रीकमध्ये बोले, एक झाडीबोलीत. नवऱ्यांच्या तक्रारी चालल्या असाव्यात, कारण दोघी अगदी एकाच वेळी कपाळाला हात लावायच्या. मी मध्ये पडून सांगायचा प्रयत्न केला तर मला गप्प बसवायच्या.

एके दिवशी मायने डाळ भिजत घालायला लावली. लाखोरीचे वडे करायचे ठरलं. लसूण, मिरची, मीठ, जाडसर वाटलेली डाळ. ऑलिव्हच्या तेलात तळताना ती कुरकुरली, "या तेलाले लगित वास येते." पण वडे असे फुलले की पहिला घाणा टेबलापर्यंत पोचलाच नाही. कामगार स्वयंपाकघराच्या दारातच उभे राहून खात होते. दुसरा घाणा कढईत होता, मी ताटं मांडत होते, आणि माझ्या पोटात कळ आली. पहिली आली तशी गेली. दुसरीला मी टेबल धरलं.

मग एकच गोंधळ! एलेनीबाईंनी गॅस बंद केला, एका कामगाराने ट्रक दारात आणला, कोणी विलासला बोलवायला पळालं. माय माझ्या शेजारी बसली ती दोन्ही हात डाळीने भरलेले घेऊनच. दवाखान्याच्या दारातल्या नर्सने ते हात पाहून भुवया उंचावल्या. मायने ते तिच्याच नळाखाली धुतले.

मुलगी झाली. आजीसारखं रुंद कपाळ, आणि रडणं असं दणदणीत की विलास म्हणाला, बंदराचा भोंगा बरा.

घरी आलो त्या दिवशी एलेनीबाई फडक्यात बांधलेलं पातेलं घेऊन आल्या, पण मायने ते बाजूला ठेवलं. "आज नाई," ती म्हणाली, "आज लेकीच्या घरचं." मी पलंगावर, म्हणून विलासने भात लावला. घाबरून त्याने पाणी जास्त घातलं. माय खाली मांडी घालून बसली. वाढलेल्या ताटाला तिने हात जोडले आणि पहिला घास घेतला. "जवाईबापू, याचा तं निरा लगदा झाला जी," ती म्हणाली, आणि ताट पुढे केलं, "वाढा आणखी." मी लेकीला छातीशी धरून रडले. इतकं सुख मला त्या घरात त्याआधी कधी झालं नव्हतं.

बाळ मान धरू लागलं तेव्हा माय परत गेली. ज्यांनी मला निरोप दिला त्यांना, आणि ज्यांनी माझ्यासारखीच गाडी पकडली त्यांना, मला एक सांगायचं आहे. मी इथे घर केलं, कामाला लागले, भाषा शिकले, तरी कोणी गाव विचारलं की मी तलावाचंच नाव सांगायचे. पिरेअस म्हणजे आम्ही राहतो ती जागा, एवढंच. मायचंही तसंच. पोरगी कुठे असते, असं कोणी विचारलं की ती हात उडवून "तिकडं" म्हणायची.

परवा मी व्हिडिओ फोन लावला तर बाबांनी धरला आणि मायकडे वळवला. अंगणात शेजारच्या बाया जमलेल्या. मायने लाखोरी शिजवून घोटली होती, वर जवसाचं तेल, कच्चा कांदा, लिंबू. एका बाईने नाक मुरडून विचारलं, "लाखोरीवर लिंबू? हे कुठचं खाणं व बाई?"

मायने तिच्या हातात ताट दिलं. "खाऊन तं पाय," ती म्हणाली. "माह्या लेकीच्या गावी असंच खातात."

मी लेकीला कडेवर घेऊन खिडकीशी गेले. खाली रस्त्यावरून कामगार एलेनीबाईंच्या गल्लीकडे चालले होते. मी तिला बोटाने दाखवलं आणि पहिल्यांदा म्हटलं, "बघ, आपलं गाव."